ओतेंगच्या गोठ्यातली गुरं

नादार ठरायलासुद्धा पदरी काहीतरी असावं लागतं, हे म्मा-थुसोला केस पिकायला लागल्यावर कळलं. त्याआधी तिची समजूत साधी होती. ज्याच्याकडे काही उरलं नाही तो दिवाळखोर. कोर्टाने तसं एकदा म्हणायचं, की सुटला बिचारा.

ती आणि तिचा नवरा रा-थुसो मोत्सुमी वकिलाकडे गेले, त्या पहिल्याच भेटीत त्याने ही समजूत मोडून टाकली. लोबात्से शहरात स्टेशनाजवळ त्याची एक खोली होती. खिडकीला काच नव्हती, पुठ्ठा लावलेला होता. वकील वयाने त्यांच्या थोरल्या लेकीएवढा, थुसोएवढाच असेल, पण बोलायचा मात्र सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या पंचासारखा.

"रा-थुसो, कोर्ट दयेपोटी कुणाला नादार ठरवत नाही," तो म्हणाला. "न्यायाधीश बघतात, तुमचं देणं तुमच्या चीजवस्तूंपेक्षा जास्त आहे का. तुम्ही खरं सांगताय का. आणि मग सगळ्यात मोठं, तुम्हाला नादार ठरवून घेणेकऱ्यांच्या हाती काही लागणार आहे का. ते लागणार नसेल तर बाकीचं असून नसून सारखंच."

"म्हणजे काय?" रा-थुसोने विचारलं.

"म्हणजे वाटायला काहीतरी पाहिजे. नाहीतर कोर्ट म्हणतं, कशाला उगाच खर्च? राहू दे याला आहे तसा. मग घेणेकरी आहेत, बेलीफ आहे आणि तुम्ही आहात. मरेपर्यंत."

"अगं बाई! म्हणजे भिकाऱ्याला दिवाळं काढायचीसुद्धा ऐपत नाही," म्मा-थुसो म्हणाली.

"अगदी बरोबर बोललात, म्मा." वकील हसला. रा-थुसो हसला नाही. टोपी मांडीवर ठेवून तिची कड तो बोटांनी फिरवत बसला होता.

"गुरं किती तुमची?" वकिलाने विचारलं.

"गुरं? माझ्याकडे कुठली गुरं? चार गोचीड असतील इकडेतिकडे."

"रा-थुसो, गावच्या पारावर बसल्यासारखं इथे बोलू नका. मी काय लिहून घेऊ? चार गोचीड?"

चूक रा-थुसोची नव्हती. तिथला कुठलाही भला माणूस असंच उत्तर देतो. आपली गुरं मोजून सांगणं म्हणजे शेजाऱ्याच्या डोळ्यात मिरची टाकणं. ज्याच्याकडे शंभर आहेत तोही म्हणतो, एक लंगडी गाय आहे, तीसुद्धा म्हातारी. आणि गुरं एका जागी ठेवायचीही नाहीत. रोग आला, पाऊस गेला, तर एका फटक्यात सगळी जातील. म्हणून आपली पाच याच्याकडे, सात त्याच्याकडे सांभाळायला द्यायची. त्याने दूध प्यावं, नांगराला जुंपावं. वासरं मात्र मालकाची. याला माफिसा म्हणतात. रा-थुसोच्या स्वतःच्या काटेरी कुंपणात जी तीसेक जनावरं होती त्यातलं एक शिंगसुद्धा त्याचं नव्हतं. बेलीफ पहिल्यांदा आला तेव्हा गुरं बघून त्याचा चेहरा खुलला होता. मग त्याने प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावरचा डाग पाहिला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. तोही तिथलाच होता. त्याला सांगायला लागलं नाही.

"मी विचार करून सांगतो," रा-थुसो वकिलाला म्हणाला आणि उठला.

परतीच्या बसमध्ये म्मा-थुसोने विचारलं, "कसला विचार करणार? आपल्याकडे आहे काय?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. कान्ये गावापर्यंत दोन्ही बाजूंना जमीन भाजून निघालेली होती. झाडांखाली जनावरांचे सांगाडे पडलेले. दुष्काळाचं ते चौथं वर्ष असावं.

एके काळी त्यांचं दुकान त्या गावचं तोंड होतं. थंडी पडायच्या आधी घोंगड्यांचे गठ्ठे यायचे तेव्हा बायका सकाळपासून ओट्यावर येऊन बसायच्या, एकमेकींच्या अंगावर टाकून बघायच्या, आणि घ्यायची नसली तरी दुपारपर्यंत उठायच्या नाहीत. साबण, रॉकेल आणि नव्या कापडाचा मिळून एक वास होता, तो म्मा-थुसोच्या हातांना रात्रीही असायचा. ख्रिसमसला ती पोरांना मूठ मूठ गोळ्या वाटायची. मग पाऊस गेला. गिऱ्हाईक तेच राहिलं, पण उधारीवर. नाही कुणाला म्हणायचं? ज्यांच्या दारात आपण सुतकाला बसलो, त्यांना मक्याच्या पिठाला नाही म्हणायचं? लोबात्सेचा घाऊक व्यापारी इसाक दोन वर्षं थांबला. तिसऱ्या वर्षी तो कोर्टात गेला. त्याच्या मागोमाग पिठाच्या गिरणीवाला, मग बँक.

तेव्हापासून बेलीफ दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. काट्याचा तराजू नेला. शिलाई मशीन नेलं नाही, पण लिहून घेतलं. रा-थुसोची झोप गेली. गाडीचा आवाज आला की तो मागच्या दाराने बाहेर जाऊन उभा राहायचा. पळायला नाही, नुसता उभा. म्मा-थुसोला ते बघवत नसे. म्हणूनच वकिलाचं नाव तिने काढलं होतं. तिला एकच हवं होतं, हा माणूस पुन्हा पाठीवर झोपलेला दिसावा.

नंतर एकदा तो एकटाच लोबात्सेला जाऊन आला. "काम झालं," एवढंच म्हणाला. काय झालं, कसं झालं, तिने विचारलं नाही. बरं चाललेलं काम खणून बघायची तिची सवय नव्हती.

कोर्टाच्या दिवशी दारातच तिला तिचा थोरला भाऊ दिसला. ओतेंग लहानपणी बैलावरून पडून लंगडा झाला होता. काठीला टेकून, लग्नासमारंभातला काळा कोट घालून तो उन्हात उभा होता.

"दादा? तू इथे कसा?"

"तुझ्या नवऱ्याला विचार, गाबाइपोने." तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारा आता तो एकटाच उरला होता. बाकी सगळ्यांची ती म्मा-थुसो, थुसोची आई.

विचारायला वेळ मिळाला नाही. आत बोलावणं आलं.

न्यायाधीश परदेशातले होते, पण त्या देशात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. भाषा कळायची, बोलायला मात्र ते दुभाषा ठेवायचे. वकिलाने अर्ज वाचायला सुरुवात केली आणि दुभाषा ते एकेक सांगत गेला. देणं इतकं. दुकानाची इमारत, तिची किंमत इतकी. इंजिन नसलेली गाडी. शिलाई मशीन. "आणि आठ गुरं, मूळच्या आठांची आज उरलेली वाढ, वासरांसकट, अर्जदाराचा मेहुणा ओतेंग याच्या गोठ्यात माफिसा म्हणून सांभाळायला दिलेली."

म्मा-थुसोला आधी वाटलं की दुभाषा चुकला.

ती आठ गुरं तिचं देज होतं, नवऱ्याने लग्नासाठी तिच्या माहेरी द्यायची गुरं. थुसो चार वर्षांची असताना ती ओतेंगच्या गोठ्यात गेली, आणि त्या दिवसापासून तिच्या सासूचा आवाज बदलला होता. मयताला गेल्यावर लग्न झालेल्या बायका तिला आपल्यात सरकून जागा द्यायला लागल्या. जिल्हा कचेरीत लग्नाची नोंद होती, तो कागद पेटीत कुठेतरी होता. पण त्या कागदाला गावात विचारतो कोण? मुलीच्या माहेरी गुरं पोचली की लग्न झालं. नाही पोचली तर बाई नांदते, मुलं होतात, नातवंडं होतात, पण ती मेली की तिला उचलायला माहेरचे येतात. तिच्या मुलींचं देज बापाला घेता येत नाही, मामा घेतो. आणि थुसोला मागणी घालायला आत्ता कुठे एका घरची वडीलधारी माणसं येऊन गेली होती.

ओतेंगला बोलावलं तेव्हा त्याने बायबलावर हात ठेवून शपथ घेतली आणि काठी आपटली. "साहेब, माझा मेहुणा इसाक शेठच्या भीतीने काहीही बोलतोय. ती गुरं माझ्या बहिणीचं देज आहे. देज दिलेलं परत मागणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता, आज पाहिला!"

"देज नव्हतं ते," रा-थुसो म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "सांभाळायला दिली होती."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. इसाकच्या वकिलाला विचारलं, तुमचं म्हणणं काय? तो म्हणाला, गुरं मिळणार असतील तर आमची हरकत नाही. नसतील तर या अर्जात काही राम नाही. दुकान तर भर दुष्काळी गावात, घेणार कोण? चीजवस्तू विकून पैसे वाटणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा खर्चच त्याहून जास्त होईल.

"म्हणजे सगळं या आठ गुरांवर आलं," न्यायाधीश म्हणाले. "कागद नाही?"

"आमच्यात देजाचा कागद करत नाहीत, साहेब," मोत्सुमी वकील म्हणाला. "माफिसाचाही नाही. आणि आजच्या या गुरांवर कुणाचाच डाग नाही."

"साक्षीदार?"

दोन्ही पुरुषांनी एकदमच सांगितलं, एकाने 'माझी बायको', दुसऱ्याने 'माझी बहीण'. कोर्टात कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशांनी चहाची सुट्टी दिली आणि म्हणाले, त्यानंतर या बाईंना ऐकू.

बाहेर अंगणात एक मोठं काटेरी झाड होतं. त्याच्या सावलीत रा-थुसो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"खरं आहे का?" तिने विचारलं.

"मी देणार होतो."

"खरं आहे का, ते विचारते."

"खरं आहे. त्या वर्षी दुकान घेतलं. म्हटलं, पुढच्या वर्षी देऊ. तोवर तुझ्या भावाला दूध मिळावं म्हणून ती आठ सांभाळायला पाठवली. लोकच म्हणायला लागले, देज पोचलं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि दादा?"

"त्याला पहिल्यापासून माहीत आहे. तुझ्या अब्रूसाठी तोही गप्प बसला. दूधही होतंच."

म्मा-थुसोने डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. हात कशाला तरी लावायला हवे होते.

"लेकीला तोंड कसं दाखवू? येतील ती माणसं, म्हणतील, हिच्या आईचंच अजून..."

"मला दुसरं काही सुचलं नाही, थुसोच्या आई. वाटायला काही नसेल तर ते मला सोडणार नाहीत. मला झोप येत नाही."

"हे बरं आहे. इतकी वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत, आणि बोललात ते कोर्टात."

त्याने टोपीची कड बोटांनी फिरवली. मग म्हणाला, "तू जे सांगशील ते सांग. मी काही म्हणणार नाही." आणि दूर जाऊन उभा राहिला. त्यापेक्षा त्याने हात जोडले असते तरी तिला सोपं गेलं असतं.

ओतेंग लंगडत आला. "एक शब्द बोल फक्त. देज होतं म्हण. तुझी अब्रू राहील, थुसोचं लग्न नीट होईल, माझ्या नातवंडांचं दूध राहील."

"आणि त्यांचं काय?"

"त्याला बेलीफची सवय झाली आहे आता. बेलीफलाही त्याची झाली असेल."

"दादा, बायबलावर हात ठेवून बोलायचं आहे."

"मी ठेवला की मघाशी! काही झालं का मला? लंगडा होतो तो लंगडाच आहे."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले. हा भाऊ असाच. बाप गेल्यावर त्याने तिला चिंध्यांची बाहुली करून दिली होती, तिचे दोन्ही पाय वेगवेगळ्या लांबीचे.

दारात इसाक उभा होता. गोरापान, जाड, कपाळावर घाम. त्याचा आजा समुद्रापलीकडून आला होता, पण इसाक तिथेच जन्मला, तिथल्याच पोरांबरोबर गुरांमागे हिंडला. त्यांची भाषा तो त्यांच्याइतकीच बोलायचा, शिव्यांसकट.

"म्मा-थुसो, मी तुम्हाला काही सांगायला आलो नाही," तो म्हणाला. "देजाच्या गुरांना मी हात लावणार नाही. माझ्या बापाने मला तेवढं शिकवलंय. पण ती देजाची नसतील तर माझी दोन वर्षांची साखर त्या गुरांच्या पोटात आहे. तेवढं लक्षात ठेवा."

"तुमची साखर गुरांनी नाही खाल्ली, इसाक शेठ. गावाने खाल्ली."

"गाव कोर्टात येत नाही ना," इसाक म्हणाला आणि घाम पुसत आत गेला.

साक्षीच्या कठड्यात ती उभी राहिली तेव्हा तिला वाटलं होतं, विचारतील, देज की माफिसा? आणि मग एका शब्दात संपेल. दोन्ही शब्द तिने जिभेवर घोळवून पाहिले होते. पण न्यायाधीशांनी तसं विचारलंच नाही.

"कुणी काय सांगितलं ते मला नको," ते दुभाष्याला म्हणाले. "यांनी स्वतः काय पाहिलं? गुरं निघाली तेव्हा या कुठे होत्या?"

"घरी, साहेब. दुकानामागच्या अंगणात."

"किती वाजले होते?"

तिने डोळे मिटले. आणि तो दिवस, जसा होता तसा, समोर येऊन उभा राहिला. खांबाची सावली पायाशी आलेली. थुसो उघड्या अंगाने राखेत खेळतेय. दोन गुराखी गुरं हाकत कुंपणातून बाहेर पडताहेत, एकाच्या तोंडात उसाचं कांडं. आणि पडवीत, जुन्या खुर्चीवर...

हे दुसऱ्या कुणाला आठवत असणं शक्य नव्हतं. सासू गेली, खुर्चीवरचा माणूसही गेला. गुराखी खाणीत कामाला गेले ते परतलेच नाहीत. ती बोलली नाही तर जगात कुणीही हे बोलणार नव्हतं. तिने रा-थुसोकडे पाहिलं. तो बाकावर बसला होता, पाठ ताठ, आणि दाराकडे बघत होता. गाडीचा आवाज ऐकल्यासारखा.

"दुपार होती," ती म्हणाली.

ओतेंगच्या काठीचा आवाज झाला.

"दुपार असण्याला काही अर्थ आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं. त्यांना माहीत असावं; पण तिच्या तोंडून हवं होतं.

"देज पहाटे निघतं, साहेब. गुरं माहेरच्या दारात सूर्याबरोबर पोचली पाहिजेत. पुढे नवऱ्याचा मामा चालतो. मामाशिवाय देज नाही. त्या दुपारी ह्यांचे मामा माझ्या पडवीत बसले होते. त्यांच्या पायाला गळू झालं होतं, पाऊल टेकवत नव्हतं. मी त्यांना एरंडाचं पान गरम करून बांधत होते. गुरं गेली ती दोन गुराख्यांबरोबर. मामांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही."

"मग तुम्ही त्याला देज का समजत होतात?"



"पाहिलेलं सगळं बाई मनात घेत नाही, साहेब. सगळे देज म्हणायला लागले. मला बरं वाटलं."

न्यायाधीशांनी लिहिलं. बराच वेळ लिहीत राहिले. मग वर न बघता विचारलं, "या साक्षीने तुमचं काय होईल ते तुम्हाला कळतं ना?"

"साहेब, ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं," ती म्हणाली. दुभाष्याने तेवढं वाक्य सौम्य करून सांगितलं.

"थांबा!" ओतेंग उभा राहिला. आता त्याच्या आवाजात मघाची मजा नव्हती. "ते देज नव्हतं ना? ठीक. मग देज द्यायचं राहिलंय. मग मीसुद्धा घेणेकरी. माझं नाव त्या रांगेत लिहा, साहेब. साखरवाल्याच्या आधी लिहा. माझं येणं जुनं आहे."

मागच्या बाकांवर हशा पिकला. इसाकही हसला. मोत्सुमी वकिलाने खाली मान घालून कागद चाळले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पेन ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं, जणू कुणीतरी यावं आणि याचं उत्तर सांगावं.

"तुमचं येणं खोटं आहे असं मी म्हणत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण ते या रांगेत बसत नाही. या रांगेत फक्त पैशाचं देणं बसतं. ते तुम्ही तुमच्या गावच्या पंचांपुढे मांडा."

मग त्यांनी हुकूम सांगितला. देणं खरं, ऐपत नाही हे खरं, आठ गुरं अर्जदाराची आहेत आणि त्यातून घेणेकऱ्यांना काही ना काही मिळेल असं कोर्टाला वाटतं. सबब मोसिमानेगापे सेकोको याला नादार ठरवण्यात येत आहे. नवऱ्याचं हे पूर्ण नाव तिने लग्नाच्या नोंदीनंतर पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर आल्यावर रा-थुसोचे खांदे खाली आले. पोतं उतरवल्यावर हमालाचे येतात तसे. म्मा-थुसोने ते पाहिलं. तिला हवं होतं ते मिळालं होतं. त्याचा आनंद मात्र कुठे शोधूनही सापडेना.

"चल, गाबाइपोने," ओतेंग म्हणाला. बसचा हॉर्न वाजत होता.

"कुठे?" रा-थुसोने विचारलं.

"घरी. तिच्या बापाच्या. माझी बहीण काही वाऱ्यावर पडलेली नाही, कुणाकडेही फुकट नांदायला."

"मेहुणे, मी देईन. आठच्या आठ देईन. मामा नाहीत, पण मामांचा मुलगा आहे. पहाटे घेऊन येतो..."

मोत्सुमी वकील घसा खाकरला. "रा-थुसो, आता तुम्हाला गुरं घेता येणार नाहीत. कुणी दान दिली तरी नाही. तुमच्या नावावर जे येईल ते कोर्टाच्या माणसाचं. कोर्ट तुम्हाला परत मोकळं करेपर्यंत."

"किती दिवस?"

"दिवसांचं नाही काम. वर्षं जातात."

रा-थुसो नुसता उभा राहिला. ज्या देण्यासाठी बेलीफ येत नाही तेच एक देणं आता त्याच्यापाशी उरलं होतं, आणि ते फेडायचीच त्याला बंदी होती.

"थुसोच्या आई," तो म्हणाला, "तू ये घरी. लोकांचं काय..."

"मी खोटं बोलले असते तर आले असते," ती म्हणाली. "खरं बोलले. आता कशी येऊ?"

ती बसमध्ये चढली. ओतेंगने तिची पिशवी घेतली होती. पिशवीत दोघांसाठी बांधून आणलेली भाकरी होती, ती कुणीच खाल्ली नव्हती.

गुरं न्यायला माणसं आली तेव्हा धुळीचे दिवस होते. म्मा-थुसोने सकाळची धार स्वतः काढली. ओतेंगची नातवंडं भांडी घेऊन रांगेत उभी होती. ओतेंग दिवसभर रिकामं कुंपण दुरुस्त करत राहिला. संध्याकाळी म्हणाला, "दूध गेलं आणि बहीण आली. सौदा काही वाईट नाही. बहीण तेवढी खाते जास्त." आणि मग तोंड फिरवून त्याने बराच वेळ नाक शिंकरलं.

थुसोच्या सासरची माणसं दुसऱ्यांदा आली ती ओतेंगच्या दारात. बोलणी मामाशी झाली. बाप बोलण्यात नव्हता, पण त्याला कुणी उठून जा म्हणालं नाही. थुसो आईला म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तर?" म्मा-थुसो चवळी निवडत राहिली. लेकीने पुन्हा विचारलं नाही, आणि काही महिने फारसं बोललीही नाही.

रविवारी चर्च सुटलं की रा-थुसो चालत यायचा. कुंपणाच्या तोंडाशी, मागणी घालायला आलेली माणसं बसतात तिथे, एका ओंडक्यावर बसायचा. आत यायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया मुद्दाम थांबायच्या. "काय हो, नवरीकडच्यांनी अजून पाणीसुद्धा विचारलं नाही का?" "म्हाताऱ्या, तुझे मामालोक कुठे आहेत?" तो टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करायचा. ओतेंग त्याला दुपारपर्यंत ताटकळत ठेवायचा आणि मग स्वतःच एक खुर्ची ओढत त्याच्याजवळ जाऊन बसायचा. दोघं पावसाबद्दल बोलायचे.

एका रविवारी म्मा-थुसो चहा घेऊन गेली. ओतेंग दुखवट्याला गेला होता.

"झोप लागते का?" तिने विचारलं.

"लागते."

"बरं झालं. मला लागत नाही."

त्याने कप खाली ठेवला.  तो बारीक झाला होता. सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं. तिच्या बोटांना सुईची आठवण झाली, पण तिने हात शालीखालीच ठेवले. दुकान विकलं गेलं का? नाही, अजून कुलूप आहे. कोंबड्या? दोन उरल्या. खाता काय? मिळेल ते.

ती आत गेली आणि फडक्यात चवळी बांधून घेऊन आली. पोटभर पाऊस नव्हता तरी तिच्या हाताखाली त्या वर्षी चवळी बरी आली होती.

त्याने गाठोडं हातात तोललं. "घेऊ? कोर्टाचा माणूस येऊन वाटणीत नाही ना घालणार?"

"कच्ची आहे तोवर घालेल," ती म्हणाली. "घरी जाऊन शिजवून खा. मग बघू तो ती कशी वाटतो ते."

तो हसला, किती तरी दिवसांनी. ती हसली नाही. पण गाठोडं तिला लहान वाटलं, म्हणून ते त्याच्याकडून परत घेऊन ती आत गेली आणि त्यात आणखी दोन ओंजळी घालून आली.